टोपीकरास जागा देणे

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर माझा भाचा बडोद्याला आला तो सुट्टीसाठी नव्हे, जागा बघायला. तो ज्या परदेशी कंपनीत नोकरी करतो तिला बडोद्यात एक लहानशी कचेरी थाटायची होती. पाचसहा माणसे बसतील, आल्यागेल्याला चहा देता येईल, गाडी उभी करायला जागा असेल, एवढीच मागणी. "मामा, तुमचा जन्म या गावात गेला. तुम्हीच चला माझ्याबरोबर," असे म्हणून त्याने मला ओढले. दांडिया बाजारातून निघून आम्ही दोघे आणि एक दलाल असे चार दिवस अलकापुरीत, रेसकोर्सवर आणि जुन्या पादरा रोडवर हिंडलो. एके ठिकाणी लिफ्ट बंद, दुसरीकडे खाली उपाहारगृह आणि त्याचा फोडणीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. अखेर आर. सी. दत्त रोडच्या आतल्या गल्लीत एक जागा दोघांनाही पसंत पडली.

तिथे दोन गोष्टी घडल्या, आणि या लेखाचे मूळ त्या दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की मी आपला अडाणीपणाने म्हणालो, "एवढी मोठी कंपनी, भाडे कशाला भरता? घेऊन टाका ना विकत!" भाचा हसला. म्हणाला, "मामा, आम्हांला परवानगीच नाही." परदेशी कंपनीने आपल्या देशात नुसती संपर्क कचेरी उघडली, तर तिला स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. भाडेपट्ट्याने घेता येते, तीही पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने नाही. जास्त हवी असेल तर रिझर्व्ह बँकेला विचारायचे. परकीय चलनाच्या कायद्याखालचा हा नियम आहे.

दुसरी गोष्ट जागेच्या मालकाची. सत्तरीचे पाटीदार गृहस्थ. कागद, अनामत, वीजबिल सगळे बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि भाच्याला विचारले, "भाई, कंपनी टकशे ने?" म्हणजे, टिकेल ना? सहा महिन्यांत गाशा गुंडाळून निघून तर जाणार नाही?

घरी परतताना मला सारखे वाटत होते की हा प्रश्न याच गुजरातेत पूर्वी बरोबर उलटा विचारला जात असे. तेव्हाच्या मालकांना परदेशी कंपनी निघून जाईल याची धास्ती नव्हती. ती जाणारच नाही याची होती. आणि घर विकत घेऊ न देण्याचा नियम तर चारशे वर्षांपूर्वीचा आहे.

आपण मराठी माणसे 'वखार' हा शब्द आता लाकडाच्या दुकानापुरता वापरतो. गुजरातीतही तो तसाच उरला आहे. पण सतराव्या शतकात वखार म्हणजे परदेशी व्यापारी कंपनीची कचेरी, कोठार, खानावळ आणि राहण्याचे घर, सगळे एकाच छपराखाली. इंग्रज तिला 'फॅक्टरी' म्हणत, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो शब्द वाचून मुलांना वाटते की इंग्रजांनी सुरतेला कारखाना काढला होता. तिथे काही बनत नव्हते. फॅक्टर म्हणजे कंपनीचा गुमास्ता. तो जिथे बसतो ती फॅक्टरी. उत्तरेत आणि गुजरातेत तिला कोठीही म्हणत. बडोदे संस्थानच्या सचिवालयाच्या इमारतीलाही आम्ही कोठीच म्हणतो, पण ती कोठी वेगळी.

ईस्ट इंडिया कंपनीचे गुमास्ते सुरतेला १६१२-१३ मध्ये स्थिरावले. त्यानंतरच्या काही वर्षांत ते अहमदाबाद, भडोच, बडोदे या गावांतून माल घेऊ लागले. बडोद्याला येण्याचे कारण कापड. १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण या गावातून गेला. तटबंदीच्या आत विणकर, रंगारी आणि कापडाच्या धंद्यातले इतर कारागीर यांचीच वस्ती त्याला दिसली. हे कापड घ्यायचे तर बाजारात जाऊन थैली सोडली आणि गाठोडे उचलले, असे चालत नसे. विणकराला आगाऊ रक्कम द्यायची, मग ठाण गोळा करायची, तपासायची, खराब ती परत करायची. कोरे कापड धुण्यासाठी भडोचला पाठवायचे, कारण नर्मदेच्या पाण्यात ते पांढरेशुभ्र होते अशी ख्याती होती. तिथून ते सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरात गलबतावर चढवायचे. जहाजे पावसाळा संपल्यावर येत आणि थंडीत परत फिरत. म्हणजे मधले कित्येक महिने माल कुठेतरी कोरडा, उंदीरवाळवीपासून सांभाळून ठेवायला हवा. याकरिता घर हवे. ते विणकरांच्या जवळ हवे, भिंती जाड हव्यात, विहीर हवी आणि दाराला चांगले कुलूप हवे. भाच्याच्या यादीत गाडीतळ आणि इंटरनेट होते. त्यांच्या यादीत कोठार आणि पाणी होते. पण दोन्हीकडे यादी घेऊन फिरणारा दलाल मात्र स्थानिकच. सुरतेच्या इंग्रजांचा सगळा कारभार वाणी दलालांच्या भरवशावर चाले.

घर मिळण्यात अडचण आली ती किमतीची नव्हे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि तीन वर्षे जहांगीर बादशहाच्या मागे फिरला. गुजरातचा सुभा तेव्हा शाहजादा खुर्रमकडे होता, म्हणजे पुढचा शाहजहान. त्याच्याशी रोचे १६१८ साली जे ठरले, त्यात व्यापाराची मोकळीक होती, पण घराच्या बाबतीत खुर्रम जराही हलला नाही. इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावे. विकत घ्यायचे नाही आणि बांधायचेही नाही. शहरात हत्यार बाळगून फिरायचे तर दहाच माणसांनी. ज्याचा पुढे इमारतींवर एवढा जीव जडला, त्या माणसाने दुसऱ्याला मात्र एक विटेचे घर बांधू दिले नाही, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. पण त्याचे कारण सरळ होते. पोर्तुगिजांनी दीव, दमण, वसई या ठिकाणी काय केले ते मोगलांच्या डोळ्यांसमोर होते. आधी कोठार, मग कोठाराला भिंत, मग भिंतीवर तोफ.

सुरतेचे इंग्रजांचे घर मग भाड्याचेच राहिले. जॉन फ्रायर नावाचा डॉक्टर १६७०च्या दशकात तिथे राहिला होता. घर दगडाचे, उत्तम लाकडाचे, कोरीव कामाचे आणि जमिनी अर्धा वार जाड गिलाव्याच्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. १६८९ साली आलेला पाद्री ओव्हिंग्टन म्हणतो की घर मोगल बादशहाच्या मालकीचे आहे, त्यात चाळीसएक माणसांची सोय आहे, कोठारे, टाकी आणि हमामखानाही आहे, आणि वार्षिक भाडे साठ पौंड. हे भाडेही बहुतेक घराच्या दुरुस्तीत आणि नव्या बांधकामातच खर्ची पडे. आजच्या भाडेकरूलाही ही युक्ती चांगली ठाऊक असते.

आता याच कंपनीचा दुसरा भाडेपट्टा पाहा. पोर्तुगिजांकडून हुंड्यात मिळालेले मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ साली कंपनीला देऊन टाकले. भाडे ठरले सालीना दहा पौंड, सोन्याच्या नाण्यांत, दर वर्षी तीस सप्टेंबरला भरायचे. म्हणजे सुरतेच्या एका घराला साठ आणि अवघ्या मुंबईला दहा! पण मुंबईत कंपनीला हवा तसा कोट बांधता येत होता. १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले, त्यामागे हा हिशेब होताच.

घराच्या भिंती जाड असण्याचा उपयोग आपल्याच इतिहासात नोंदलेला आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. मोगल सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन मात्र आपल्या भाड्याच्या घरात पाय रोवून राहिला आणि जहाजावरची माणसे व तोफा आणून त्याने ते राखले. घर बादशहाचे, पण ते राखले भाडेकरूने. बादशहाने खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली. मालकाला त्या वेळी भाडेकरूचे कौतुक वाटले. माझ्या मते खुर्रमला वाटले नसते.

सीमाभागातल्या वाचकांना सुरत दूरची वाटेल, पण कंपनीच्या जागा आपल्या अंगणातही होत्या. राजापूरची वखार १६४९ सालची. कारवारला इंग्रज त्याच्याही आधी आले होते, आणि कारवारच्या वखारीचा माल हुबळीच्या बाजारातून येई. १६७३ साली मराठ्यांनी हुबळी लुटली तेव्हा तिथे इंग्रजांचाही माल गेला आणि त्याच्या भरपाईची बोलणी पुढे कितीतरी वर्षे रखडली. राजापूरकर इंग्रजांचे तर काय सांगावे! १६६० साली महाराज पन्हाळ्यात अडकलेले असताना राजापूरच्या वखारीचे लोक सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले आणि आपले निशाण फडकावून किल्ल्यावर गोळे टाकू लागले. व्यापारासाठी जागा घेतलेली माणसे वेढ्यात काय करीत होती? पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर येऊन वखार खणून काढली आणि त्या गुमास्त्यांना कैदेत टाकले. तरीही राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, त्यांनी इंग्रजांना वखारी घालण्याची मुभा दिली. व्यापार हवा, शिरजोरी नको, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार एका माणसाने नीट लिहून ठेवला. रामचंद्रपंत अमात्य, बावड्याचे. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी राजांपर्यंत त्यांनी पाहिले. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांचे, आरमाराचे, वतनांचे प्रकरण आहे हे सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असते. सावकारांवरच्या प्रकरणाकडे मात्र कमी लक्ष जाते. परदेशी कंपनीला जागा कशी द्यावी, याचे मराठीतले इतके रोखठोक विवेचन माझ्या वाचनात दुसरे नाही.

अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सावकार हे राज्याची शोभा, त्यांना बोलावून आणावे, पेठा वसवाव्या, मानाने वागवावे. परंतु टोपीकर, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार हे लोक इतर सावकारांसारखे नाहीत. यांतल्या प्रत्येकाच्या मागे एक राजा आहे आणि त्याच्या हुकमाने ते येतात. राजाला जमिनीचा लोभ नसतो असे कधी झाले आहे काय? त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा. म्हणून त्यांच्याशी येण्याजाण्यापुरता व्यापार ठेवावा. वखारीला जागा द्यायची झालीच तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. दोनचार कोस आत, राजापुरासारख्या ठिकाणी द्यावी. तीही उंचावर नको, सखल जागा, गावाच्या आवाक्यातली. आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. अशा अटीवर राहिले तर उत्तम, नाहीतर त्यांची गरज नाही.

खुर्रमची अट अमात्यांना माहीत होती की नाही याने फरक पडत नाही. दोघेही एकच गोष्ट सांगतात. भाडेकरूला बाहेर काढण्याची ताकद मालकाच्या हाती राहिली पाहिजे, आणि ती भाड्याच्या रकमेत नसते, जागेच्या निवडीत असते. कुठली जागा, केवढी, कशी बांधलेली, तिथून तोफ कुठवर पोचते. कागदावरच्या मालकीला त्यानंतर अर्थ.

आता बडोद्याकडे येतो. मराठ्यांचा अंमल इथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बसला. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाड यांनी तो बसवला. दमाजीरावांच्या पश्चात भाऊबंदकी सुरू झाली ती संपेना. १८०० साली गादीवर आलेले आनंदराव महाराज मनाने दुबळे. राज्याचा सगळा भार दिवाण रावजी आप्पाजी आणि त्यांचे भाऊ बाबाजी यांच्यावर होता. कडीचे मल्हारराव गायकवाड फौज घेऊन उठलेले. आणि राजधानीत अरबांचे राज्य! गायकवाडांच्या चाकरीतल्या या अरब शिबंदीचा पगार वर्षानुवर्षे थकलेला होता. शहराचे दरवाजे त्यांच्या ताब्यात होते. एवढेच नाही, तर दरबारने कुणाला काही वचन दिले की सावकार विचारी, जामीन कोण? दरबारच्या शिक्क्यावर कुणाचा भरवसा नव्हता. अरब जमादाराने हमी घेतली तरच वचन खरे. या हमीला बडोद्यात 'बहांदरी' म्हणत. म्हणजे राज्य गायकवाडांचे आणि त्याची पत चाकरांची.

अशा वेळी रावजी आप्पाजींनी कंपनीला हाक मारली. रावजींना द्रोही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चहूकडून कोंडलेल्या माणसाने उघडी दिसली ती खिडकी धरली. १८०२च्या आरंभी मेजर अलेक्झांडर वॉकर फौजेसह बडोद्याला आला. मार्चमध्ये रावजी खंबायतला जाऊन मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याला भेटले. त्याच वर्षी कडी पडली, जून-जुलैत करार झाले आणि वॉकर बडोद्याचा पहिला रेसिडेंट म्हणून कायमचा बसला. रावजींनी स्वतःच्या दिवाणगिरीची हमीही कंपनीकडून लिहून घेतली. डिसेंबरात कंपनीच्या फौजेने बडोदे शहरालाच वेढा घातला, दहा दिवस तोफा चालल्या आणि अरब शरण आले. त्यांची थकबाकी देऊन त्यांना वाटेला लावण्यात आले. आणि त्यांच्या हाती असलेली बहांदरी? ती कंपनीने आपल्या अंगावर घेतली. जामीनदार बदलला.

१६१८ सालच्या अटींशी हे ताडून पाहिले की माणूस थक्क होतो. दहा हत्यारबंद माणसांची मर्यादा होती, तिथे आता कंपनीची पलटण. आणि भाडे? भाड्याचा प्रश्न उरलाच नाही, उलट भाडे मालकानेच द्यायचे होते. १८०५च्या एप्रिलात झालेल्या पक्क्या तहाने तीन हजार पायदळ आणि तोफखान्याची तुकडी ठेवायची ठरली, आणि तिच्या खर्चासाठी गायकवाडांनी धोळका, नडियाद, मातर, महुधा, विजापूर वगैरे मिळून वार्षिक अकरा लाख सत्तर हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून दिला. सुरतेला साठ पौंड देणारी, मुंबईला दहा पौंड देणारी हीच ती कंपनी. बडोद्यात राहण्याचे तिने सालीना पावणेबारा लाख घेतले! दरम्यान सुरतेचे काय झाले होते तेही सांगतो. जिथे घर विकत घ्यायची मनाई होती, त्या सुरतेचा किल्ला कंपनीने १७५९ साली ताब्यात घेतला होता आणि १८०० साली सगळे शहरच.

रेसिडेन्सीची जागा कुठे वाढली हे पाहण्यासारखे आहे. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आत नव्हे. विश्वामित्रीच्या पलीकडे, गावापासून सुटी, मोकळ्या मैदानावर कॅम्प वसला. आजच्या फत्तेगंजच्या बाजूला गेलात तर रस्ते एकदम रुंद होतात, झाडे मोठी होतात आणि एक पांढरे चर्च दिसते. बिशप हेबर १८२५ साली बडोद्याला आला तेव्हा त्याच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. अमात्यांनी सांगितले होते, गावाच्या आवाक्यातली जागा द्या. इथे गावच कॅम्पच्या आवाक्यात आले.

आणि मग गावातला सगळा कारभार त्या पुलावरून ये-जा करू लागला. रेसिडेन्सीत नोकरी असणे म्हणजे दरबारात वजन असणे. सुप्रसिद्ध गंगाधरशास्त्री पटवर्धन हे आधी वॉकरच्या कचेरीतले कारभारी. तिथून ते गायकवाडांचे मुतालिक झाले, गायकवाडांचा हिशेब मिटवण्यासाठी कंपनीच्या हमीवर पुण्याला गेले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पेशवाईच्या शेवटाला जी कारणे लागली त्यांत हे एक.

पुढच्या पिढीत आमच्या भाषेतला एक शब्द विलायतेला गेला. जेम्स औट्रॅम १८४७ साली इथे रेसिडेंट म्हणून आला. पैसे चारून, चिठ्ठ्या फिरवून मुंबई सरकारपर्यंत कामे करून घेता येतात असा समज बडोद्यात घट्ट झाला आहे, आणि रेसिडेन्सीचे देशी नोकरही त्यात आहेत, असा अहवाल त्याने १८५१ साली पाठवला. या प्रकाराला त्याने इथल्याच लोकांचा शब्द वापरला, 'खटपट'. इंग्रजी कागदांत तो तसाच, मोडक्या स्पेलिंगात छापला गेला. अहवालाचे बक्षीस म्हणून मुंबई सरकारने औट्रॅमलाच बडोद्याहून हलवले. आपल्या घरांत मुलाला नोकरी लावण्यासाठी केलेल्या धडपडीलाही खटपट म्हणतात, त्यात काही वावगे मानत नाहीत. तोच शब्द इंग्रजांच्या दप्तरात लाचलुचपतीचे नाव होऊन बसला.

१८५८ साली कंपनी संपली, पण तिने घेतलेली जागा राहिली. आता रेसिडेंट राणीचा. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फिरून आलेल्या कर्नल फेअरने पपनसाच्या सरबताचे दोनचार घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेले फेकले, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तपासून सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगितले. आळ आला मल्हारराव महाराजांवर. चौकशीत जी साक्ष निघाली ती सगळी पुलावरच्या वाहतुकीची होती. रेसिडेन्सीची आया, हवालदार, जमादार रात्री गावात महाराजांकडे जात, असे त्यांनी सांगितले. सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रज दोषी म्हणाले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध वाटला नाही. निकाल बरोबरीत अडकला. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, विषप्रयोगासाठी नव्हे, गैरकारभारासाठी. भाडेकरूने मालकाला घराबाहेर काढले ते असे. महिन्याभरातच कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला, सयाजीराव म्हणून. ती कथा आपण सगळे जाणतो.

सयाजीरावांच्या काळात वारे थोडे फिरले. १९०८ साली त्यांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा निघाली, आणि १९५३ साली तिने मोंबासा व कंपाला इथे शाखा उघडल्या, १९५७ साली लंडनला. परक्या गावात जागा शोधत हिंडण्याची पाळी आता बडोद्याच्या माणसांवर आली. त्या पहिल्या शाखांसाठी जागा पाहणाऱ्यांना तिथल्या मालकांनी काय विचारले असेल, याचे मला कुतूहल आहे.

असो. त्या पाटीदार गृहस्थांकडे करारावर सह्या करायला आम्ही पुन्हा गेलो. मसुदा भाच्याच्या कंपनीच्या वकिलाने इंग्रजीत केला होता. म्हाताऱ्याने तो नातवाकडून गुजरातीत वाचून घेतला. पाचव्या कलमाशी तो थांबला. जागेत आवश्यक ते बांधकाम करण्याचा भाडेकरूला हक्क राहील, असे तिथे लिहिले होते. नातू म्हणाला, दादा, सगळे असेच लिहितात. म्हाताऱ्याने मान हलवली. लाकडाचे आडोसे घाला, काचा लावा, हवे ते करा, पण वीट लावायची नाही, आणि जाताना सगळे काढून जागा होती तशी द्यायची. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "त्यांचं बरोबर आहे. खोडून टाक."

कलम खोडले. बाजूला दोघांनी आद्याक्षरे केली. मुदत ठरली चार वर्षे अकरा महिने.